शिह त्झूची आंघोळ: आधी कंगवा, मग पाणी

घोडबंदर रोडवरचे टॉवर घ्या, नाहीतर नेरुळ-खारघरच्या सोसायट्या; संध्याकाळी लिफ्टमध्ये एक तरी शिह त्झू भेटतोच. मे महिन्यात झुपकेदार असलेला हाच कुत्रा ऑगस्टमध्ये पार भादरलेला दिसतो. मालकांचं म्हणणं ठरलेलं असतं: पावसात वास यायला लागला म्हणून आंघोळी वाढवल्या, तर केसांच्या जटाच झाल्या.

आधीपासून असलेल्या गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि आत ओल धरून बसतो. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ती ओल लवकर जात नाही. खालची त्वचा लाल होते, कुबट वास येतो, म्हणून पुन्हा आंघोळ, आणि गुंता आणखी घट्ट. शाम्पू बदलून यातून सुटका होत नाही. सुटका होते ती कामांचा क्रम बदलल्यावर, म्हणून पुढचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळायचाच असेल तर आंघोळ गाळा, विंचरणं गाळू नका.

## हात लावण्याआधी एवढं माहीत हवं

प्रौढ शिह त्झूचं वजन साधारण ४ ते ७ किलो आणि खांद्यापर्यंतची उंची २३ ते २७ सेंटिमीटर. अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब केस, खाली मऊ लव. वरचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. ‘याचे केस गळत नाहीत’ असं सांगून हे पिल्लू विकलं जातं. केस गळतात, फक्त ते सोफ्यावर पडण्याऐवजी वरच्या केसांतच अडकतात. गुंत्याचा कच्चा माल हाच.

वयाच्या १० ते १२ महिन्यांच्या आसपास पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात. हा काळ सगळ्यात त्रासाचा. आठवड्यातून दोनदा विंचरून ज्यांचं भागत होतं त्यांना या दिवसांत रोज कंगवा हातात घ्यावा लागतो. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो आणि ते थेट पार्लर गाठतात. हे दिवस सरतात. नंतर लांब केसांना एक दिवसाआड आणि आखूड ठेवलेल्या केसांना आठवड्यातून दोन-तीनदा विंचरणं पुरतं.

आणखी दोन गोष्टी शरीररचनेच्या. नाक चपटं असल्यामुळे त्याला धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही, त्यातून हवा दमट असली की आणखी कठीण. आणि डोळे मोठे असले तरी त्यांच्या खोबणी उथळ असतात. म्हणून हलू नये यासाठी मानेची कातडी मागे खेचून धरू नका. झटापटीत डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. हनुवटीखालून आणि छातीखालून आधार द्या.

## तयारी: सगळं हाताशी ठेवा, मगच कुत्र्याला बोलवा

ओला कुत्रा मोरीत सोडून टॉवेल शोधायला गेलात तर तो घरभर अंग झटकत फिरणार. म्हणून आधी सामान मांडा.

- स्टीलचा कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. एकच गोष्ट चांगल्या दर्जाची घ्यायची असेल तर ही.
- पिन ब्रश रोजच्यासाठी, आणि छोटा स्लिकर ब्रश गाठींसाठी.
- केसांवर फवारायचं कुत्र्यांचं कंडिशनर.
- कुत्र्यांचा सौम्य शाम्पू आणि तो पाण्यात कालवायला एक रिकामी बाटली.
- गोल टोकाची कात्री, नखं कापायचं कटर, रक्त थांबवायची पावडर. पावडर नसेल तर घरातलं कॉर्नफ्लोअर वेळ निभावतं.
- रबरी मॅट. गुळगुळीत लादीवर पाय घसरले की तो घाबरतो, शिवाय या जातीचे गुडघे आधीच नाजूक असतात.
- दोन-तीन जुने पंचे. जाड टर्किश टॉवेलपेक्षा वापरून मऊ झालेला पंचा पाणी लवकर टिपतो.
- थंड किंवा कोमट हवेची सोय असलेला ड्रायर.

वेळ सकाळची. रात्रीची आंघोळ म्हणजे अर्धवट ओला कुत्रा झोपायला जाणार. पावसाळ्यात वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी पाण्याला हातच लावू नका, कारण ड्रायर आणि पंख्याशिवाय हा कुत्रा सुकत नाही. जेवण होऊन किमान तास-दीड तास गेलेला असू द्या.

सावधान: उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला चटका बसेल इतकं तापलेलं येतं. गिझर बंद आहे म्हणजे पाणी थंडच, असं धरून चालू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी जेमतेम कोमट लागलं पाहिजे.

हेही तपासा: मानेवर लावायचं गोचिडांचं औषध नुकतंच लावलंय का? ते लावण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ टाळा, नाहीतर औषध धुऊन जातं. पोटातून द्यायच्या गोळीला ही अट नाही.

## टप्पा १: बोटांनी पाहणी

ब्रश घेण्याआधी दोन्ही हातांची बोटं केसांत मुळापर्यंत घालून सगळं अंग चाचपा. गाठी ठरलेल्या जागी सापडतात: कानांच्या मागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, दाढीत, आणि हार्नेसचा, म्हणजे छातीभोवती बांधायचा, पट्टा घासतो तिथे.

याच फेरीत गोचिडं शोधा. बोटांच्या बेचक्या, कानांच्या पाळीची आतली बाजू आणि गळपट्ट्याखालची जागा चुकवू नका. गोचीड सापडलं तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, जळती उदबत्ती हे प्रकार नकोत. काढलेलं गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका.

गोचिडं निघाल्यानंतरच्या दिवसांत कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या. बबेसिया आणि एर्लिकिया हे गोचिडांमुळे होणारे दोन्ही ताप आपल्या भागात आढळतात, आणि वेळेत निदान झालं तर त्यांवर औषध आहे.

लाल, ओलसर, दाबल्यावर दुखणारा चट्टा दिसला तर आजची आंघोळ रद्द. तो आधी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा २: कोरडं विंचरणं, पण अगदी कोरड्या केसांवर नाही

केसांवर कंडिशनरचा हलका फवारा मारा. नुसत्या कोरड्या केसांवर ब्रश ओढला की ते तुटतात, आणि तुटलेली टोकं नवा गुंता करतात.

सुरुवात पंज्यापासून करून वर जायचं. एका हाताने वरचे केस उचलून धरा, खालची एक बारीक ओळ मोकळी सोडा आणि तेवढीच विंचरा. ती सुटली की पुढची ओळ. कातडी दिसेल इतका भांग पडला पाहिजे. बहुतेक जण चुकतात ते इथे: पाठीवरून वरवर ब्रश फिरवतात, केस चमकतात, फोटोही छान येतो, आणि आत काखेत नमदा, म्हणजे केसांचा घट्ट थर, जमलेला असतो.

गाठ लागली तर पुढचा क्रम पाळा:

१. गाठ आणि कातडी यांच्या मधले केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही.
२. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि बोटांनी ती उभी फाडत न्या.
३. टोकाकडून कंगव्याच्या विरळ दातांनी थोडं थोडं सोडवा. मुळाशी शेवटी पोहोचायचं.
४. सुटतच नसेल तर कात्रीचं टोक कातडीपासून दूर, केसांच्या दिशेने ठेवून गाठीला उभे छेद द्या.

सावधान: गाठ वर उचलून तिच्या खालून आडवी कात्री चालवू नका. गाठीबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते आणि तीच कापली जाते. टाके पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. तळहाताएवढा नमदा झाला असेल तर घरी झुंजू नका. ते मशीनचं काम आहे आणि जाणकार माणसाने करायचं आहे.

कुत्रा कंटाळला तर अर्धं अंग सकाळी, अर्धं संध्याकाळी करा आणि आंघोळ दुसऱ्या दिवसावर टाका.

पुढे जाण्याआधीची चाचणी: कंगव्याचे दाट दात कानामागून शेपटीपर्यंत आणि चारही पायांवर मुळापासून फिरवा. कुठेही न अडकता फिरले, तरच पाणी.

## टप्पा ३: डोळे, कान, नखं

ही तिन्ही कामं आंघोळीच्या आधी उरकायची, कारण ओला कुत्रा यांपैकी काहीच करू देत नाही.

डोळे. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये कापूस भिजवा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला चिकटा आधी मऊ होऊ द्या. मग बाहेरच्या बाजूला पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. हे काम आंघोळीपुरतं नाही, रोजचं आहे. डोळ्यांत जाणारे केस रबर लावून वर बांधता येतात, पण रबर रोज सोडा आणि कपाळाची कातडी ताणली जाईल इतकं घट्ट बांधू नका.

एक डोळा मिटून धरतोय, पंज्याने चोळतोय, डोळा निळसर-पांढुरका दिसतोय किंवा हिरवट घाण येतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. फ्रिजमधली डोळ्यांच्या थेंबांची मागच्या वेळची बाटली उघडू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना ते पडलं तर जखम चिघळून भोक पडण्यापर्यंत वेळ येते.

कान. लोंबत्या, केसाळ कानांत वारा जात नाही, त्यात आपली दमट हवा. डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं औषधी पाणी आत सोडा, बुडाशी हलकं चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि मग वर आलेली घाण कापसाने टिपा. इअरबड आत घालू नका, मळ आणखी खोल जातो. यीस्टसारखा आंबूस वास आणि सतत खाजवणं असेल तर साफसफाईने भागणार नाही.

नखं. नखं काळी असतील तर आतली रक्तवाहिनी दिसत नाही. एकदम कापू नका, तांदळाएवढे तुकडे घ्या. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख केसांत लपतं आणि वळून कातडीत रुततं. तेच बघायचं राहतं.

## टप्पा ४: आंघोळ

दोन ते तीन आठवड्यांतून एकदा पुरे. कानांच्या तोंडाशी कापसाचे बोळे ठेवा, आत कोंबू नका.

पाणी पाठीपासून सुरू करून मुळापर्यंत भिजवा. चेहऱ्यावर मगाने पाणी ओतू नका. चपट्या नाकात पाणी लगेच शिरतं. चेहरा शेवटी, ओल्या कापडाने. शाम्पू बाटलीत पाण्याबरोबर पातळ करून घ्या आणि केसांच्या दिशेनेच हात वरून खाली नेत फेस दाबत जा. आपण आपलं डोकं चोळतो तसं गोल-गोल चोळलंत तर टप्पा २ ची मेहनत फुकट.

शाम्पू लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. पोटाखाली आणि काखेत राहिलेला शाम्पू हे नंतरच्या खाजेचं नेहमीचं कारण. मग कंडिशनर केसांच्या लांबीला लावून तेही पूर्ण काढा.

आपला शाम्पू, लहान बाळांचासुद्धा, वापरू नका. कुत्र्याच्या कातडीची आम्लता वेगळी असते आणि आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतायची घराघरांतली सवयही सोडा. कामाला येणाऱ्या ताईंनी नुकतंच फिनेल टाकून मोरी धुतली असेल तर आधी साध्या पाण्याने ती नीट धुऊन घ्या. तो पंजे चाटतो.

## टप्पा ५: सुकवणं, म्हणजे निम्मं काम

उन्हाळ्यात इथे थोडी ढिलाई खपते. जून ते सप्टेंबर ती अजिबात खपत नाही.

पंच्याने खसाखसा पुसू नका. केस पंच्यात धरून पिळल्यासारखे दाबा, पंचा बदला, पुन्हा दाबा. मग ड्रायर मंद, कोमट हवेवर, अंगापासून वीतभर लांब ठेवा आणि दुसऱ्या हाताने त्याच जागी ब्रश चालवत राहा. नुसती हवा मारून सोडलेले केस सुकता सुकता कुरळतात आणि पुन्हा गुंततात. आधी पोट, काखा आणि जांघ, मग पाय, शेवटी पाठ. पाठ सगळ्यात लवकर सुकते, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि ती कोरडी लागली की थांबतात.

चाचणी: वरच्या केसांना हात लावून ठरवू नका. बोट मुळाशी न्या: काखेत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. गार लागलं म्हणजे ओलं आहे.

सावधान: ड्रायर चालू असताना पंखाही चालू ठेवा. घोरल्यासारखी मोठ्याने धाप लागली, जीभ लांब आणि गडद लाल झाली तर ताबडतोब थांबा. ओल्या अंगाने एसीखाली बसवणं हा सुकवण्याचा मार्ग नाही.

## टप्पा ६: कात्री, मोजक्या ठिकाणी

केस पूर्ण सुकून पुन्हा एकदा विंचरल्यावरच. घरी चारच जागा कापा: तळव्यांच्या गाद्यांमधले केस, शी-शूच्या जागेभोवतीचे, नाकाच्या वर डोळ्यांत टोचणारे, आणि जेवणात बुडणारी दाढीची टोकं. डोळ्यांजवळ कात्रीचं टोक कायम नाकाच्या दिशेने, डोळ्याकडे कधीच नाही. आणि तो स्थिर बसत नसेल तर हे काम सोडून द्या.

केस आखूड ठेवणं आपल्या हवेत शहाणपणाचंच आहे. शोमधल्या कुत्र्यासारखे जमिनीवर लोळणारे केस ठाण्यात सांभाळायचे असतील तर त्यासाठी एक माणूस घरी बसलेला हवा. एक-दोन इंच लांबीचा कट घ्या. पण कातडीला लागून मशीन फिरवू नका: उन्हाचा चटका थेट कातडीला बसतो, आणि वाढणारे खुंट टोचून तो स्वतःला खाजवत सुटतो. ‘मे महिना आहे, गुळगुळीत करून टाका’ हा लाड त्याला महागात पडतो.

## दोन आंघोळींच्या मध्ये

फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बेचक्या कोरड्याठाक करा. रेनकोट दारातच उतरवा. त्याच्या आत अंग दमट-ओलसर राहतं आणि काखेत गाठी पडतात. साचलेल्या पाण्यातून चालवू नका. त्यात उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही. वार्षिक लसीत लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना विचारून कार्डावर बघून घ्या. पिल्लाच्या लसींचा पहिला कोर्स पूर्ण होईपर्यंत त्याला खाली जमिनीवर सोडूच नका.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर बराच वेळाने. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक संध्याकाळी सहालाही तापलेले असतात. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. गळपट्टा फक्त नाव-नंबराच्या बिल्ल्यासाठी, दोरी हार्नेसला.

उन्हाने तो लटपटला, लाळ गाळायला लागला किंवा कोसळला तर सावलीत आणून अंगभर साधं पाणी ओता आणि वारा घाला. आधी थंड करायचं, मग रिक्षा-गाडी बघायची. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दाढी जेवणानंतर पुसा. दातही घासा, कुत्र्यांच्या पेस्टने. लहान जबड्यात दातांची दाटी होते आणि सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे दात शिल्लक असतील तर ते डॉक्टरांना दाखवायचे असतात. खाण्याबाबत एकच गोष्ट इथे, कारण ती घरोघरी होते: सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. त्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी बिघडवू शकतात. कांदा घातलेले पोहे, थालीपीठ हेही नको. आजी-आजोबांना हे आधीच, प्रेमाने आणि स्पष्ट सांगून ठेवा. तुम्ही ऑफिसात असताना ताटाशेजारी तेच असतात.

## पार्लरला देणार असाल तर

सगळे टप्पे घरी जमत नाहीत. महिन्या-दीड महिन्याने कटसाठी पार्लर गाठावंच लागतं. नेताना विंचरूनच न्या, म्हणजे त्यांच्यापुढे भादरण्याशिवाय दुसराही पर्याय उरतो. लसीचं कार्ड जवळ ठेवा. आधी विचारून घ्या: आंघोळीपूर्वी विंचरता का? बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून सुकवता का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर चपट्या नाकाचा कुत्रा तिथे ठेवू नका. मला बसून बघता येईल का, हेही विचारा.

कट सांगताना ‘थोडे कमी करा’ म्हणू नका. प्रत्येकाचं ‘थोडे’ वेगळं. लांबी इंचांत सांगा. आणि परत घेताना तिथेच काखेत बोट घालून ओल बघा, कानामागे कंगवा फिरवा, पैसे त्यानंतर द्या.